शून्य आणि एकच्या मध्ये

माझ्या गिटारच्या ॲम्पवर व्हॉल्यूमचं एक बटण आहे आणि त्याभोवती शून्य ते दहा आकडे आहेत. ॲम्प घेऊन चार वर्षं झाली, पण एकच्या पुढचे आकडे मी फक्त धूळ पुसताना पाहिलेत. शून्य आणि एकच्या मधली चिंचोळी पट्टी मात्र मला तोंडपाठ आहे. पाऊणपर्यंत आवाज आहे की नाही अशी शंका येते. पाऊणच्या केसभर पुढे गेलं की खालच्या मजल्यावरचे काका वर येतात आणि अतिशय सभ्यपणे विचारतात, "काही दुरुस्ती चाललीय का हो तुमच्याकडे?"

हा ट्यूब ॲम्प आहे, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांवर गिटारचा आवाज मोठा करणारा. १९४७ साली बेल लॅब्जमध्ये ट्रान्झिस्टर जन्माला आला आणि त्यानंतर काही वर्षांतच रेडिओनं आणि संगणकानं या नळ्यांना, म्हणजे ट्यूबांना, घराबाहेर काढलं. आम्ही गिटारवाल्यांनी त्यांना अजून पोटाशी धरून ठेवलंय. का, असं विचारलं तर आम्ही सगळे एकच शब्द सांगतो : टोन. त्यापुढे विचारलं तर डोळे मिटून घेतो.

डोळे उघडून सांगायचं तर प्रकार असा आहे. झेपेल त्याहून जास्त सिग्नल अंगावर आला की ट्रान्झिस्टर मर्यादेपर्यंत सरळ वागतो आणि मर्यादा आली की लाटेचा माथा सुरीनं कापल्यासारखा सपाट करतो. ते कानाला बोचतं. ट्यूब मात्र आधीपासूनच कुरकुरायला लागते. ती माथा हळूहळू गोल करते, मोठा सूर जरा दाबते, त्यामुळे बारीक सूर आपोआप वर येतो. व्यवहारात याचा अर्थ एवढाच, की ट्यूब ॲम्प चुका पोटात घालतो. करंगळी नीट दाबली गेली नाही, एखादी तार उगाच छेडली गेली, की तो त्यावर पांघरूण घालतो. माझ्या प्रेमाचं मूळ इथे आहे. टोन वगैरे मला नंतर सुचलं.

माझा एक मित्र सॉलिड स्टेटवाला, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या ॲम्पवाला आहे. त्याच्याकडे रोलंड कंपनीचा जेसी-१२० आहे, १९७५ साली निघालेलं आणि स्वच्छ आवाजासाठी नावाजलेलं मॉडेल. ट्रान्झिस्टरचे ॲम्प हलके असतात असं म्हणतात, पण हा २८ किलोंचा आहे, हे मी एकदा जिन्यात त्याची एक बाजू धरली तेव्हा मणक्यानं नोंदवून घेतलं. त्याच्यावर मी गिटार वाजवली. आवाज इतका स्वच्छ, की त्यात माझी बोटं दिसत होती. प्रत्येक चूक साक्षीदारासारखी पुढे येऊन शपथेवर बोलत होती. "याला ऊब नाही रे," असं म्हणून मी गिटार खाली ठेवली. मित्र म्हणाला, "ब्लूजचे एवढे मोठे गिटारवादक बी. बी. किंग, तेही कित्येक वर्षं लॅब सिरीजचा एल-५ ॲम्प वाजवत होते. तोही ट्रान्झिस्टरचाच." यावर मी डोळे मिटले.

पण खरी गोम पुढे आहे. ट्यूब ॲम्प क्षमा करतो ती ट्यूबा पुरत्या तापल्या, ताणल्या गेल्या की. म्हणजे बटण पाच-सहावर असताना. पाऊणवर तोही ट्रान्झिस्टरइतकाच सरळमार्गी असतो, वर वजनदार आणि गरम. थोडक्यात, माझ्या एका करंगळीला माफी मिळावी म्हणून सगळी इमारत हलवावी लागते.

माझा ॲम्प १५ वॉटचाच आहे. एवढासा आकडा पाहून मी फसलो. आवाज कानाला दुप्पट वाटायला वॉट साधारण दहापट लागतात, तेव्हा १५ वॉटचा ॲम्प १ वॉटवर आणला तरी जेमतेम १२ डेसिबल कमी होतात. काकांच्या दृष्टीनं १५ आणि १ यांत फरक इतकाच, की वर येताना चपला घालायला वेळ मिळतो. यावर उपाय म्हणून एक डबाही मिळतो. ॲम्प आणि स्पीकरच्या मध्ये लावला की तो बहुतेक वॉटची उष्णता करून टाकतो. आधी ताकद विकत घ्यायची आणि मग ती वाया घालवायला दुसरं यंत्र घ्यायचं! मित्र मात्र रात्री दोन वाजता हेडफोन लावून वाजवतो. माझ्या ॲम्पला हेडफोनचं भोकच नाही, आणि स्पीकर काढून वाजवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. थोडक्यात, त्याला कायम कुणीतरी ऐकणारं लागतं.

मध्यंतरी ॲम्प खरखरू लागला. ट्यूब ॲम्पचा मालक अशा वेळी थेट ट्यूबकडेच बोट दाखवतो. मी पेन्सिल घेतली आणि प्रीॲम्पच्या, म्हणजे सिग्नल पहिल्यांदा वाढवणाऱ्या भागाच्या, एकेका ट्यूबवर टकटक केलं, कारण बिघडलेली ट्यूब टकटकीला स्पीकरमधून उत्तर देते म्हणतात. तिन्ही ट्यूबांनी थोडंथोडं उत्तर दिलं. मी सर्वांत वाचाळ ट्यूब निवडली आणि नवी १२एएक्स७ मागवली. दुकानदारानं ईसीसी८३ पाठवली. मी संतापून परत करणार होतो, तेवढ्यात कळलं की दोन्ही एकच, फक्त एक अमेरिकेचं नाव आणि एक युरोपचं. ती बसवली, दिवा तांबूस पेटला, आणि खरखर पहिल्यापेक्षा छान ऐकू आली. मग दुसरी बदलली. मग तिसरी. आठ दिवसांनी बायको म्हणाली, "ही वायर हलली की आवाज येतोय." गिटारची केबल खराब होती. मित्राच्या ॲम्पला हे झालं असतं तर त्यानं आधी केबलच बदलली असती. त्याच्याकडे दोष द्यायला दुसरं काही नाहीच, बिचाऱ्याकडे.

आणि मग एक दुपार अशी आली की काका गावाला गेले, बायको बाहेर गेली आणि शेजारी कुलूप दिसलं. मी ॲम्प सुरू केला, ट्यूबा तापू दिल्या, स्टँडबायचा खटका काढून आवाज मोकळा केला आणि हात थरथरत असताना बटण सहावर नेलं. एकच कॉर्ड, म्हणजे एकदम छेडलेला सुरांचा जुडगा, वाजवला. करंगळी चुकलीच होती, पण कॉर्ड गोल, भरदार, दूरवर पसरत गेला. माझे डोळे आपोआप मिटले.

आणि त्याच्या शेवटी मला किणकिण ऐकू आली.

ही नवी ट्यूब वाचाळ निघाली की काय म्हणून मी पेन्सिल उचलली. पण किणकिण कपाटातल्या काचेतून येत होती. काचेत कागदाची घडी खोचली आणि पुन्हा कॉर्ड वाजवला. आता खिडकी बोलली. खिडकीत रुमाल कोंबला तर भिंतीवरचं घड्याळ बोलू लागलं. घड्याळ गादीवर ठेवलं, तेव्हा दाराची कडी उरली. पाऊण तासात मी तो एकच कॉर्ड अकरा वेळा वाजवला आणि घरातल्या सगळ्या वस्तूंशी ओळख करून घेतली.

बायको परत आली तेव्हा मी स्टुलावर उभा राहून खिडकीच्या चौकटीला कान लावला होता.

"झालं मनसोक्त वाजवून?"

"खिडकी जी-ला वाजते," मी म्हणालो, "आणि कपाट ए-ला."

"मग तेवढे दोन सोडून वाजव," ती म्हणाली आणि घड्याळ उचलून भिंतीवर लावायला गेली.