सरासरीपेक्षा तीस टक्के बरा

शनिवारी बॉस्टनच्या फेनवे पार्क या बेसबॉलच्या मैदानात माझ्या डोळ्यांदेखत एक होमरन (बेसबॉलमधला षटकारच म्हणा) गेला आणि मला तो दिसला नाही. तिकीट माझं, पैसे माझे, आणि वर बोलणीही मीच खाल्ली.

शेजारी एक आजोबा होते. मांडीवर स्कोअरकार्ड, कानावर पेन्सिल. त्यांनी जुना बॅटर कार्ल यस्ट्रेम्स्कीचा विषय काढला. १९६१ ते १९८३, सगळी कारकीर्द बॉस्टनच्या रेड सॉक्स संघाकडेच. मी फोनवर त्याची सरासरी, म्हणजे दर संधीमागे यशस्वी फटक्यांचं प्रमाण, काढली. ०.२८५. म्हटलं, "बरा होता की."

"बरा?" आजोबांनी चष्मा काढला. "१९६८ साली काय झालं, ठाऊक आहे?"

"तेव्हा माझा जन्म झाला नव्हता."

"सबबी सांगू नकोस. त्या वर्षी अख्ख्या अमेरिकन लीगची, म्हणजे दोन मोठ्या लीगांपैकी आमच्या लीगची, सरासरी होती ०.२३०. ०.३०० च्या वर एकटा यस्ट्रेम्स्की. ०.३०१! पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, इतके माजले होते की पुढच्या वर्षी ते ज्यावर उभे राहतात तो उंचवटा पंधरा इंचांवरून दहावर आणावा लागला."

मी मान डोलावली. आजोबा तिथेच थांबले असते तर माझा होमरन वाचला असता.

"आता १९३० घे. दुसऱ्या, नॅशनल लीगची सरासरी ०.३०३. म्हणजे तिथला कुणीही सोम्यागोम्या कागदावर माझ्या कार्लच्या वर! चालेल तुला?"

नाही चालणार, असं मी कळवळून सांगितलं. मग ओपीएस प्लस नावाचं माप आलं. बेसवर पोचण्याचं प्रमाण आणि फटक्यांची ताकद यांची बेरीज करायची, ती लीगच्या आणि मैदानाच्या मापाने तोलायची. शंभर म्हणजे सरासरी खेळाडू. इथे माझ्या पोटात गोळा आला. आमच्या घरात शंभर म्हणजे पैकीच्या पैकी, आणि ते शेजारच्या मुलाला मिळायचे. इथे शंभर म्हणजे चालू माल. दंतकथा झालेला बॅटर बेब रूथ २०६. यस्ट्रेम्स्की १३०.

"आणि त्यातून हे मैदान वजा केलंय हं," ते डाव्या बाजूच्या ३७ फुटी हिरव्या भिंतीकडे पेन्सिल रोखून म्हणाले. "इथे बॅटरचं फावतं. घरचा असला म्हणून काय झालं? वजा म्हणजे वजा." आपल्या लाडक्याच्या धावांतून घरचं मैदान वजा करणारा माणूस मी क्रिकेटच्या गप्पांत अजून पाहिलेला नाही. आपल्याकडे वजा करायचं ते समोरच्याच्या आवडत्याचं. मग डेन्व्हर शहरातलं मैदान निघालं. १६०० मीटर उंची, विरळ हवा, चेंडू उगाच लांब जातो, म्हणून तिथल्या आकड्यांना जास्त कात्री. मी पेन्सिलीकडे बघतोय, ते माझ्याकडे बघताहेत, आणि सगळं स्टेडियम उभं राहिलं.

आम्ही दोघं बसलेलो.

"काय झालं?" आजोबांनी मलाच विचारलं. मला काय माहीत? पुढच्या रांगेतल्या पोराने सांगितलं. आजोबांनी स्कोअरकार्डातल्या कोऱ्या चौकोनाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बेटा, मॅच बघायला येतोस की गप्पा मारायला?" आजूबाजूच्या पाच-सहा जणांनी माना वळवून माझ्याकडे पाहिलं. त्या पोरानेसुद्धा. मी सॉरी म्हणालो, हे सगळ्यात वाईट. कशाबद्दल, ते अजून सापडलेलं नाही.

हिशेब मात्र डोक्यात राहिला. सोमवारी ऑफिसात वार्षिक मूल्यमापन होतं. शेरा : 'अपेक्षेनुसार'. म्हणजे शंभर. मी साहेबांना म्हटलं, जरा मैदान वजा करून बघा. माझ्या टीममधली अर्धी माणसं सोडून गेली, क्लायंट रात्री फोन करतो, हे माझं १९६८ आहे. पलीकडचा सहकारी सगळं वर्ष डेन्व्हरमध्ये खेळतोय : तयार सिस्टीम, गोड क्लायंट, चेंडू आपोआप बाहेर. साहेब म्हणाले, "इंटरेस्टिंग. पण त्याची बदली डेन्व्हरला कधी झाली?"

बढती त्यालाच मिळाली. मला कंपनीचं नाव छापलेला कप मिळाला. तो डिशवॉशरमध्ये चालत नाही.