वाचलेली वीज मीटरमध्ये दिसत नाही, म्हणून ती नसतेच का?

गेले काही दिवस आमच्या लातूरकडच्या बहुतेक ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: देशाने अब्जावधी युनिट वीज वाचवली हे थोतांड आहे. वाचली असती तर देशाचा वापर घटला असता, तो तर दरवर्षी वाढतोय. बिलं कमी झाली असती, ती वाढली. न वापरलेली वीज कुणाला मोजता येत नाही, त्यामुळे सगळे आकडे ऑफिसात बसून काढलेले. आणि जिथे लाईटच धड नसते त्या मराठवाड्याने वाचवायचं तरी काय?

मला हा मेसेज चार जणांनी पाठवला. त्यातले एक माझे शाळेतले मास्तर. त्यांनी खाली लिहिलं होतं, “तुझं पोट यावरच आहे ना, मग उत्तर दे.” खरं आहे. कारखाने, नगरपालिका, शेतीपंप यांचं ऊर्जा लेखापरीक्षण हेच माझं काम. म्हणून मुद्द्यावर मुद्दा घेऊन लिहितो. आधीच सांगतो, मेसेजमधला एक मुद्दा अर्धा बरोबर आहे आणि त्यावर मी सर्वांत जास्त बोलणार आहे.

“वापर वाढतोय, म्हणजे बचत झालीच नाही.”

30 मे 2024 रोजी देशाची विजेची कमाल मागणी सुमारे 2 लाख 50 हजार मेगावॅटला पोचली. दहा वर्षांमागे ती दीड लाखाच्या आतबाहेर होती. मेसेजवाल्याने वाढ बरोबर पाहिली. पण या दहा वर्षांत काय काय झालं तेही पाहायला हवं. 2017 नंतर एकट्या सौभाग्य योजनेत 2 कोटी 86 लाख घरांत नवी जोडणी गेली. ज्या घरात कंदील होता तिथे पंखा आला, जिथे पंखा होता तिथे कूलर आणि फ्रीज. घरात दोन सुना आल्या, चार नातवंडं झाली आणि ज्वारीची दोन पोती जास्त लागली, तर सून उधळी आहे असं आपण म्हणत नाही. माणशी किती लागली ते बघतो.

आता याची उलटी बाजू बघा, ती आपल्याच दाराशी घडलेली आहे. फेब्रुवारी 2013 मध्ये परळीचं औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी पूर्ण बंद पडलं. 1130 मेगावॅटचं केंद्र, एकही संच चालू नाही. 2015 च्या पावसाळ्यातही तेच झालं. त्या काळात परळीत कोळसा जळला नाही. ही ऊर्जाबचत का? एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्या उन्हाळ्यात विहिरी कोरड्या होत्या, त्यांवरच्या मोटारी बंद होत्या. मेसेजवाल्याच्या हिशेबाने ते मराठवाड्याचं सर्वांत काटकसरीचं वर्ष ठरेल. तो उन्हाळा ज्यांनी काढला त्यांना हे वाचून संताप येईल, आणि यायलाच हवा. वापर दुष्काळानेही घटतो, कारखाना बंद पडल्यानेही घटतो. बचत म्हणायची असेल तर तेवढंच काम कमी विजेत झालं पाहिजे. एकूण वापराचा आकडा हे सांगूच शकत नाही, वाढला तरी नाही आणि घटला तरी नाही.

“बिल तर कमी झालं नाही.”

यावर फार लिहीत नाही. बिलात युनिटचा दर असतो, स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन असतं, वर घरगुती ग्राहकाला 16 टक्के वीज शुल्क असतं. रुपये बघून बचत कळत नाही. बिलावर गेल्या महिन्यांचे युनिट छापलेले असतात, तो रकाना बघा. आणि बघताना घरात नवीन काय घेतलं तेही आठवा.

“न वापरलेली वीज मोजताच येत नाही.”

मीटरने मोजता येत नाही, हे खरं. मीटर जे वाहिलं ते मोजतं. बचत म्हणजे दोन गोष्टींतला फरक: बदल केला नसता तर किती लागली असती, आणि प्रत्यक्षात किती लागली. दुसरी मोजायची असते, पहिली हिशेबाने काढायची असते. हा हिशेब कसा मांडायचा याचे नियम जगभर ठरत आलेत. बचतीच्या मापनाची आंतरराष्ट्रीय नियमावली 1997 पासून वापरात आहे. नियम मांडण्यापेक्षा मी एक मोटार दाखवतो.

औसा भागात आमच्या ओळखीचे तात्या आहेत. विहिरीत पाच एचपीची मोटार, तीनदा रिवाइंड केलेली, वरच्या रानात पाईपलाईन. नवी चांगली मोटार बसवायची ठरली तेव्हा मी म्हटलं, जुनी काढायच्या आधी मला एक सकाळ द्या. वरच्या रानात पाईपच्या तोंडाशी 200 लिटरचा बॅरल ठेवला. स्टार्टरपाशी वॅट दाखवणारा क्लॅम्प मीटर लावला, आपल्याकडे त्यालाही टाँग टेस्टरच म्हणतात. दोरीला दगड बांधून विहिरीतल्या पाण्याची पातळी घेतली. जुनी मोटार 4.6 किलोवॅट ओढत होती आणि बॅरल भरायला 57 सेकंद लागत होते. दुपारी नवी मोटार बसली. पुन्हा दोरी, पाणी वीतभरच उतरलेलं. नवी 3.6 किलोवॅट ओढत होती आणि बॅरल 47 सेकंदांत भरला. म्हणजे हजार लिटरला आधी 0.36 युनिट लागत होतं, आता 0.24 पेक्षा किंचित कमी. पस्तीस टक्के फरक. यात ऑफिसात बसून काढलेलं काहीच नाही, माझ्या चपला चिखलात होत्या.

दोरी कशासाठी, असं तात्यांनी विचारलं होतं. आपल्याकडच्या विहिरीत दिवाळीला पाणी हाताशी असतं आणि एप्रिलात तळाला जातं. जुनी मोटार एप्रिलात मोजली आणि नवी दिवाळीत, तर पाणी कमी उंचीवरून उचलल्याचा सगळा फायदा नव्या मोटारीच्या नावावर चढेल. कुणाला मुद्दाम खोटं बोलायची गरज नाही, तारखा सोयीच्या पडल्या की आकडा आपोआप फुगतो. मोजणीची समान पद्धत लागते ती याचसाठी. प्रत्येकाने तीच दोरी टाकली पाहिजे.

हरभरा निघाल्यावर तात्यांचा फोन आला. “साहेब, तुमी तर लई बचत सांगितली होती. मीटर तर तेवढंच फिरलं की!”

मी जाऊन बघितलं. आधी रोज चार तास मोटार चालायची, म्हणजे 18 युनिटच्या वर. आता पाच तास चालवत होते, म्हणजे 18 युनिट. पाणी मात्र दीडपट निघत होतं, आणि दोन एकराच्या जागी तीन एकर हरभरा केला होता. मग वाचलेली वीज कुठे गेली? ती तिसऱ्या एकरात उभी होती. महावितरणच्या दृष्टीने बचत शून्य. एका एकराच्या हरभऱ्याच्या दृष्टीने पस्तीस टक्के. दोन्ही आकडे खरे आहेत, दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. विहीर त्या वर्षी नेहमीपेक्षा लवकर आटली, हीही त्याच हिशेबातली नोंद आहे, आणि सरकारी तक्त्यात तिच्यासाठी रकाना नसतो याचं मला वाईट वाटतं. पंप चांगला झाला की पाणी स्वस्त होतं, आणि स्वस्त झालेलं पाणी जास्त उपसलं जातं. आपल्या भागात याची काळजी विजेपेक्षा जास्त करायला हवी.

“सगळे आकडे ऑफिसात बसून काढलेले.”

हा तो अर्धा बरोबर मुद्दा. उजाला योजना 5 जानेवारी 2015 रोजी सुरू झाली. दहा वर्षांत सुमारे 36 कोटी 87 लाख एलईडी दिवे वाटले गेले आणि त्यातून वर्षाला अंदाजे 4788 कोटी युनिट वाचतात असं सरकार सांगतं. भागाकार करून पाहा. दिव्यामागे वर्षाला 130 युनिट. 60 वॅटचा पिवळा बल्ब काढून 9 वॅटचा एलईडी लावला, आणि तो वर्षाचे 365 दिवस रोज सात तास जळला, तर बरोबर 130 युनिट येतात. पण लोकांनी सगळे दिवे बैठकीत लावले का? काही माळवदाच्या जिन्यात गेले, काही कपाटात पडून आहेत. काही घरांत आधीच 14 वॅटचा सीएफएल होता, तिथे तेवढ्याच तासांत वर्षाला 13 युनिट वाचतात, दहावा हिस्सा. म्हणून हा आकडा मोजलेला नाही, मानलेला आहे, असं मेसेजवाला म्हणत असेल तर मी त्याच्या बाजूने उभा आहे.

पण तो इथे थांबतो आणि ‘म्हणून सगळं खोटं’ म्हणतो, तिथे मी त्याच्यासोबत नाही. याच योजनेत घाऊक खरेदीमुळे एका दिव्याचा खरेदी दर 310 रुपयांवरून 38 रुपयांवर आला. त्यानंतर उदगीरच्या, परभणीच्या बाजारातल्या दुकानांतून लोकांनी स्वतःहून एलईडी घेतले. ते दिवे 36 कोटींच्या मोजणीत नाहीत. एका अंगाने आकडा फुगला, दुसऱ्या अंगाने निसटला. यावर उपाय म्हणजे घरं निवडून, दिव्यांना नोंदयंत्र लावून, खरे तास मोजणं.

असाच घोळ पथदिव्यांत होतो. एका गावात मी पाहिलेली गोष्ट सोपी करून सांगतो. शंभर खांब, प्रत्येकावर 150 वॅटचा सोडियम दिवा, चोकसकट 170 वॅट. त्या जागी 70 वॅटचे एलईडी लागले. कागदावर बचत 10 किलोवॅट. पण शंभरातले तीस दिवे आधीपासून बंदच होते. म्हणजे जुना खरा भार 11.9 किलोवॅट, नवा 7, मीटरवरची बचत 4.9. कागदाच्या निम्मीही नाही. त्याच वेळी तीस अंधाऱ्या खांबांखाली उजेड आला, त्याची किंमत शून्य धरायची का? पुन्हा तेच: कशाच्या तुलनेत, हे आधी लिहून ठेवलं नाही तर दोघेही आपापला आकडा घेऊन भांडत राहतात. भरीला तीच बचत ठेकेदार आपल्या नावावर धरतो, नगरपालिका आपल्या अहवालात आणि राज्य आपल्या. एकच पोतं तीन खळ्यांवर मोजलं जातं.

ही अडचण फक्त आपली नाही. युरोपीय संघाने 2006 मध्ये सदस्य देशांना नऊ वर्षांत नऊ टक्के बचतीचं उद्दिष्ट दिलं, आणि लगेच प्रश्न आला की प्रत्येक देश आपल्या पट्टीने मोजणार असेल तर या नऊ टक्क्यांना अर्थ काय. त्यातून दोन बाजूंनी मोजणी पुढे आली. खालून वर: एकेक उपाय, एकेक मोटार, एकेक दिवा मोजून बेरीज. वरून खाली: एका टन सिमेंटला, एका घराला, एका किलोमीटरला किती ऊर्जा लागते याचे निर्देशांक वर्षानुवर्षे बघणं. देश, प्रदेश आणि शहरांच्या बचतीसाठी 2015 मध्ये आयएसओ 17742 हे मानक आलं, त्यातही याच दोन वाटा आहेत. दोन्ही बाजूंचे आकडे एकमेकांच्या जवळ आले तर विश्वास ठेवायचा. दूर राहिले तर कुठेतरी दुबार मोजणी आहे किंवा गृहीतक चुकलं आहे.

आपल्याकडेही हे काम झालेलं आहे, आणि मेसेजवाल्याला ते दिसलेलं नाही. 2001 च्या ऊर्जा संवर्धन कायद्यानंतर ऊर्जा दक्षता ब्युरो आला, आणि मोठ्या कारखान्यांना ऊर्जाबचतीचं उद्दिष्ट देणाऱ्या त्याच्या पॅट योजनेच्या पहिल्या फेरीत, 2012 ते 2015, आठ उद्योगांतले 478 मोठे ग्राहक मोजले गेले. औष्णिक केंद्रं, सिमेंट, पोलाद, खत, कागद वगैरे. उद्दिष्ट 6.686 दशलक्ष टन तेलाइतक्या ऊर्जेचं होतं, बचत 8.67 दशलक्ष टन निघाली. तिथे एकूण वापर बघत नाहीत. एका टन मालाला किती ऊर्जा लागली ते बघतात, आणि केंद्र कमी भाराने चाललं, कोळसा निकृष्ट आला, तर त्याचं समायोजन करतात. परळी पाण्यावाचून बंद राहिली तर ती बचत म्हणून खपू नये, याची सोय तिथे आहे. तात्यांच्या विहिरीतल्या दोरीचंच हे मोठं रूप.

शेतीत मात्र आपण कोरे आहोत. राज्यात साडेसात एचपीपर्यंतच्या सुमारे 44 लाख शेतीपंपांना 2024 पासून मोफत विजेची योजना आहे. कितीतरी जोडण्यांना मीटरच नाही, हिशेब अश्वशक्तीवर. पंपांनी खरंच किती ओढली आणि गळती किती, हा वाद वीज नियामक आयोगापुढे वर्षानुवर्षे चालत आला आहे. मूळ वापरच माहीत नसेल तर बचत कशातून वजा करणार? मोफत द्या, माझी हरकत नाही. पण मोफत विजेलाही मीटर हवं.

“मराठवाड्याने काय वाचवायचं?”

हा प्रश्न विचारणाऱ्याचा राग मला समजतो. रात्रीची लाईट, दाऱ्यावर उभं राहणं, डीपी, म्हणजे रानातला ट्रान्सफॉर्मर, जळाली की आठ-आठ दिवस हेलपाटे, हे सगळं माझ्याही घरचं आहे. पण गणित त्याच डीपीवर करून बघू. 100 केव्हीएची डीपी, तिच्यावर तात्यांच्या जुन्या मोटारीसारख्या वीस मोटारी. वीस गुणिले 4.6 म्हणजे 92 किलोवॅट, पॉवर फॅक्टर (केव्हीएपैकी प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा) 0.8 धरला तर 115 केव्हीए. सगळ्या एकदम सुरू झाल्या की डीपी जळणारच, आणि ऑटोस्विचमुळे लाईट आली की त्या एकदमच सुरू होतात. त्याच वीस मोटारी 3.6 किलोवॅटच्या केल्या तर 90 केव्हीए. डीपी टिकते, व्होल्टेज राहतं, मोटार रिवाइंडला जात नाही. ही बचत दिल्लीच्या तक्त्यात दिसो न दिसो, पेरणीच्या आठवड्यात आपल्या रानात दिसते.

तात्यांच्या डीपीवर आतापर्यंत तीन मोटारी बदलल्या आहेत. डीपीला मीटर बसवावं म्हणून अठरा शेतकऱ्यांच्या सह्यांचा अर्ज दिला आहे. ते बसलं की चौथी मोटार बदलायच्या आदल्या दिवशीचं आणि दुसऱ्या दिवशीचं रीडिंग, विहिरीच्या पातळीसह, मास्तरांना पाठवतो.