‘सेवा म्हणजे आमिष’ म्हणणाऱ्या त्या मेसेजला माझं उत्तर

एक मेसेज सध्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय, मलाच चार जणांनी पाठवला. म्हणणं असं की ख्रिश्चन लोकांची टाकून दिलेल्या माणसांसाठीची सेवा म्हणजे धर्मांतराचं आमिष, त्यात नुसती प्रार्थना असते, ज्ञान काही नसतं, आणि आता कुष्ठरोगावर औषधं निघालीयत तर तिची गरजही उरली नाही. एकेक मुद्दा घेते.

आमिष. मदतीच्या बदल्यात धर्म मागणं चूकच, आणि कुणी तसं केलं असेल तर जाब विचारायलाच हवा. पण सगळ्यांना त्याच मापाने मोजू नका ना. हवाईतल्या मोलोकाई बेटावर 1866 पासून कुष्ठरोग्यांना नेऊन सोडायचे, घरच्यांपासून कायमचं तोडून. फादर डेमियन 1873 मध्ये तिथे गेले, जखमा धुतल्या, घरं बांधली, मेलेल्यांच्या शवपेट्या स्वतःच्या हाताने ठोकल्या, मग त्यांनाच तो रोग झाला आणि 1889 मध्ये तिथेच वारले, वय 49. आमिष दाखवणारा माणूस असा स्वतःचा जीव देऊन बसतो का?

आणि हा आरोप नवा पण नाही. चौथ्या शतकातला रोमन सम्राट ज्युलियन ख्रिस्ती धर्माचा कट्टर विरोधक, तो आपल्या पुजाऱ्याला वैतागून लिहितो की हे लोक स्वतःच्या गरिबांबरोबर आपल्याही गरिबांना पोसतात. यामुळेच त्यांचा धर्म वाढतो असं त्यालाही वाटायचं, पण त्याच पत्रात त्याने उपाय काय सांगितला बघा, आपणही शहरोशहरी धर्मशाळा काढा, गरिबांना धान्य द्या! मेसेज लिहिणाऱ्याने निदान एवढं तरी करावं.

ज्ञान नसतं म्हणे. डॉ. पॉल ब्रँड मिशनरी होते आणि सर्जनही, वेल्लोरला काम करायचे. कुष्ठरोगात बोटं आपोआप झडतात असं सगळे धरून चालायचे, यांनी नीट बघितलं तर रोगाने संवेदनाच गेलेली असते, म्हणून भाजलं, कापलं तरी कळत नाही, अगदी रात्री झोपेत उंदीर बोटं कुरतडून जायचे आणि माणसाला सकाळी कळायचं. मग पेशंटला घरी पाठवताना सोबत मांजर देऊ लागले. वाकडी झालेली बोटं पुन्हा उघडावीत म्हणून टेंडनची, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांची, ऑपरेशनं त्यांनी केली ती वेगळीच.

राहिला औषधांचा मुद्दा. 1981 पासून जागतिक आरोग्य संघटना बहुऔषधी उपचार सुचवते, त्याने रोग बरा होतो, अगदी खरंय. पण मेलेल्या नसा सहसा परत येत नाहीत आणि घरचे तर बऱ्याचदा येतच नाहीत.

मी अधूनमधून ज्या आश्रमात जाते तिथे एक आजी आहेत, कुष्ठरोगाच्या औषधांचा कोर्स संपून कित्येक वर्षं झाली. संध्याकाळी सिस्टर त्यांचा पाय मांडीवर घेते आणि टाचेवरून सावकाश अंगठा फिरवते. परवा थांबली, म्हणाली, “आजी, काटा रुतलाय.” आजी म्हणाल्या, “कुठं गं? मला तर काहीच नाही कळलं.” सिस्टरने चिमट्याने काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. आजींच्या उशाशी त्यांच्या देवाचा फोटो असतो, त्यावरची धूळ पुसून सिस्टर दुसरा पाय बघायला बसली.