लीज अँड लीफ: सगळे ज्याला क्रांती म्हणतात, ते मला सुतक वाटतं

गेल्या शनिवारी आमच्यात पुन्हा तोच वाद पेटला. आम्ही चौघं महिन्यातून एकदा जमतो, एक अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत मध्ये अवाक्षर न काढता ऐकतो आणि मग मनसोक्त भांडतो. या खेपेला फेअरपोर्ट कन्व्हेन्शनचा 'लीज अँड लीफ' लावला होता. इंग्लंडचा बँड, डिसेंबर १९६९ चा अल्बम, आठ ट्रॅक, चाळीसेक मिनिटं.

ऐकून झाल्यावर एक जण म्हणाला, "ब्रिटिश फोक-रॉकचा पाया हाच. विषय संपला." दुसरा लगेच उसळला, "हे लोकसंगीत नाहीच मुळी. जुन्या गाण्याला विजेची वायर जोडली की ते लोकसंगीत राहत नाही." आणि आमच्यातल्या वयाने मोठ्या ताई बराच वेळ गप्प बसून शेवटी म्हणाल्या, "ते सगळं राहू द्या रे. ही बाई एवढी माणसं मेल्याचं सांगते आणि तिचा आवाज जरासुद्धा हलत नाही. हे कसं?"

मला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. तीन रात्री तोच प्रश्न डोक्यात आहे, म्हणून लिहितोय. लांबलंय. सवडीने वाचा.

या अल्बमबद्दल कुठेही वाचायला गेलं की 'क्रांती', 'मैलाचा दगड' हेच शब्द भेटतात. २००६ मध्ये बीबीसी रेडिओ २ च्या श्रोत्यांनी मतं देऊन याला आजवरचा सर्वांत प्रभावशाली फोक अल्बम ठरवलं. मिळाला तो मान योग्यच आहे. पण त्या 'प्रभावशाली' शब्दाने एक नुकसान केलंय. लोक हा अल्बम इतिहासाच्या धड्यासारखा ऐकायला बसतात. कुणी काय पहिल्यांदा केलं, त्याचा परिणाम पुढे कुणावर झाला, याची नोंद घेतात आणि उठतात. मला तो तसा ऐकूच येत नाही. मला त्यात एक दुःखातलं घर दिसतं.

१२ मे १९६९ ची पहाट. बर्मिंगहॅमच्या मदर्स क्लबमधला कार्यक्रम आटपून बँड लंडनला परतत होता. एम-१ महामार्गावर त्यांच्या व्हॅनला अपघात झाला. ड्रमर मार्टिन लॅम्बल गेला. वय १९. गिटारवादक रिचर्ड थॉम्पसनची मैत्रीण जीनी फ्रँकलिन गेली. थॉम्पसन तेव्हा अवघा २० वर्षांचा. बास वाजवणारा अ‍ॅश्ली हचिंग्ज जबर जखमी झाला. गायिका सँडी डेनी त्या व्हॅनमध्ये नव्हती, म्हणून वाचली.

ही सगळी पोरं होती हो. आज आपण त्यांना 'दिग्गज' म्हणतो, म्हणून हे लक्षातच येत नाही.

बँड बंद करायचा का, यावर त्यांचं बोलणं झालं. चालू ठेवायचं ठरलं, पण मार्टिनबरोबर वाजवलेल्या गाण्यांकडे परत वळायचं नाही, असंही ठरलं. माझ्या मते या अल्बमची खरी सुरुवात इथे आहे. अमेरिकेतल्या 'द बँड'चा १९६८ चा 'म्युझिक फ्रॉम बिग पिंक' ऐकून आपल्या मातीचं काहीतरी करावं असं त्यांना वाटू लागलं होतं, हेही खरं. पण नुसतं तेवढ्यावर कुणी आपली जमलेली गाणी टाकून देत नाही. ती गाणी आता तोंडातून निघत नव्हती. ज्यांच्या घरी कुणी गेलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

उन्हाळ्यात सगळे हॅम्पशायरमधल्या फार्ली चेंबरलेन नावाच्या खेड्यातल्या एका मोठ्या घरात एकत्र राहायला गेले. विंचेस्टरपासून जवळच. व्हायोलिन वाजवणारा डेव्ह स्वारब्रिक आता कायमचा त्यांच्यात आला. तो २८ वर्षांचा, लोकगायक मार्टिन कार्थीसोबत वर्षानुवर्षं लोकसंगीत वाजवून मुरलेला. गेलेल्या मार्टिन लॅम्बलच्या जागी ड्रम्सवर डेव्ह मॅटॅक्स आला, तो नाचाच्या बँडमधून. त्याचा लोकगीतांशी काही संबंध नव्हता. हचिंग्ज लंडनच्या सेसिल शार्प हाउस या लोकसंगीताच्या केंद्रातल्या ग्रंथालयात बसून जुनी बॅलड्स उकरून काढू लागला. बॅलड म्हणजे आपल्या पोवाड्याचा लांबचा भाऊ समजा; गोष्ट सांगणारं, कडव्यामागून कडवं येणारं गाणं, फक्त त्यात शूरांपेक्षा फसलेली माणसं जास्त. हार्वर्डच्या फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अशी ३०५ बॅलड्स क्रमांक घालून छापली. या अल्बममधलं 'मॅटी ग्रोव्ह्ज' त्यातलं ८१ वं आणि 'टॅम लिन' ३९ वं.

एका छपराखाली सगळे, बाहेरच्यांची वर्दळ नाही, नेहमीचं काम बंद, आणि दिवसभर जुन्याच कुणीतरी रचून ठेवलेले शब्द. याला आपल्याकडे एकच शब्द आहे.

आता वायरवाल्या मित्राला उत्तर. अरे, तू ज्याला शुद्ध म्हणतोस ते कुठे होतं? याच अल्बममधलं 'रेनार्डीन' घे. कोल्ह्यासारख्या माणसाची ती गूढ गोष्ट. ते गाणं ज्या रूपात या लोकांपर्यंत पोचलं, ते रूप बऱ्याच अंशी लोकगीतांचे संग्राहक ए. एल. लॉइड यांनी विसाव्या शतकात जुने तुकडे जुळवून घडवलेलं आहे. 'मॅटी ग्रोव्ह्ज'चे शब्द ब्रिटनचे, पण इथली चाल अमेरिकेतल्या 'शेडी ग्रोव्ह'ची. 'फेअरवेल, फेअरवेल'मध्ये चाल 'विली ओ'विन्सबरी' या जुन्या बॅलडची आणि शब्द थॉम्पसनचे. जो येईल त्याने आपल्या गरजेपुरतं उचलायचं, वळवायचं, पुढे द्यायचं, ही लोकगीताची रीतच आहे. या पोरांनी गिटारला वीज जोडली म्हणून काही बाटलं नाही. त्यांची गरज त्या आवाजाची होती.

ती गरज ऐकायची असेल तर 'मॅटी ग्रोव्ह्ज' आठ मिनिटं नीट बसून ऐका. गोष्ट साधी. लॉर्ड डार्नेल घरी नाही, त्याची बायको देवळात आलेल्या मॅटीला घरी बोलावते. नोकर ते ऐकतो, धावतो, नदी पोहून जातो आणि धन्याला सांगतो. मॅटीला जाग येते तेव्हा लॉर्ड पलंगाच्या पायथ्याशी उभा. तो काय विचारतो? माझी गादी कशी वाटली, चादर कशी वाटली, आणि कुशीतली माझी बायको? मग म्हणतो, ऊठ, कपडे घाल, नागड्या माणसाला मारल्याचा बोल मला नको. मॅटीकडे साधा चाकूही नाही, म्हणून लॉर्ड स्वतःकडची चांगली तलवार त्याला देतो. आणि मारतो. बायकोला विचारतो, आता सांग, कोण आवडतं? ती सांगते, तुझ्यापेक्षा या मेलेल्याचे ओठ बरे. तिलाही तो तलवारीने भिंतीला खिळवतो. आणि शेवटच्या कडव्यात हुकूम सोडतो की दोघांना एकाच खड्ड्यात पुरा, पण माझ्या बायकोला वरच्या अंगाला ठेवा, कारण ती खानदानी.

पुरतानासुद्धा वरचं आणि खालचं! हे कडवं मी पहिल्यांदा समजून ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला होता. अजून येतो.

सँडी हे सगळं एकाच पट्टीत, एकाच चालीवर सांगत जाते. कुठे सूर दाबणं नाही, कुठे हुंदका नाही. लॉर्डचं बोलणं, बायकोचं बोलणं, नोकराचं धावणं, सगळ्याला तोच आवाज. आणि ते खड्ड्याचं कडवं संपलं रे संपलं की स्वारब्रिकचं व्हायोलिन आणि थॉम्पसनची गिटार एकमेकांच्या अंगावर धावून जातात. मिनिटांमागून मिनिटं. गायिकेने जे गिळलं ते सगळं तिथे बाहेर पडतं. मॅटॅक्सचे ड्रम्स खालून ढकलत राहतात आणि वरचे दोघं थांबायला तयार नाहीत. मला तिथे कसलीही क्रांती ऐकू येत नाही. मे महिन्यापासून कोंडलेलं काहीतरी ऐकू येतं.

ताईंचा प्रश्न आवाज का हलत नाही हा होता. मी गुळमुळीत काहीतरी बोललो, आणि मग त्यांनीच स्वतःशी बोलल्यासारखं सांगितलं. त्यांची आजी जात्यावर दळताना आपल्या गेलेल्या मुलाची ओवी म्हणायची. ताई लहान होत्या, शेजारी बसून पीठ सारायच्या. आजीचा आवाज सपाट असायचा आणि हात फिरत असायचा. "रडायची ती रात्री," ताई म्हणाल्या. "जात्यावर नाही. जात्यावर रडली असती तर ओवी पुरी झाली नसती." यानंतर मी सँडी डेनीच्या गाण्यावर आणखी काय बोलणार?

सगळंच मला सारखं आवडतं असं नाही. पहिलं 'कम ऑल यी' हे या-या म्हणणारं गाणं आहे, सँडी आणि हचिंग्जने स्वतः रचलेलं, आणि त्यात मला थोडं ओढूनताणून आणलेलं अवसान वाटतं. मधला नाचाच्या धुनांचा जोडट्रॅक झकास वाजलाय, पण तो मी स्वतंत्रपणे कधी लावत नाही. 'टॅम लिन'वर मात्र वेगळी पोस्ट लिहावी लागेल. त्यातल्या जॅनेटला परीराणीच्या तावडीतल्या आपल्या माणसाला घोड्यावरून खेचून घ्यायचं असतं आणि तो हातात असताना साप होवो, सिंह होवो, पकड सोडायची नसते. ती सोडत नाही. तिचा माणूस वाचतो, आणि वाचतो तो फक्त धरून ठेवल्यामुळे. ज्यांच्या हातून नुकतीच दोन माणसं निसटली होती, त्यांनी ते निवडलं.

शेवटचं 'क्रेझी मॅन मायकेल' हे जुनं नाहीच. शब्द थॉम्पसनचे, चाल स्वारब्रिकची. मायकेलला एक डोमकावळा भेटतो आणि म्हणतो, तुझी प्रिया तुझ्याच हातून मरेल. मायकेल संतापून त्याला खंजीर मारतो. पाहतो तर पायाशी पक्षी नाही, तीच पडलेली. थॉम्पसनने यातून काय सांगितलं, हे मी सांगायचं नाही. तो माझा हक्क नाही. पण विशीतल्या पोराने, त्या वर्षी, हे गाणं लिहिलं आणि ते शेकडो वर्षं जुन्या गाण्यांच्या रांगेत शेवटी नेऊन ठेवलं. आठवा की, दशक्रियेला आपण कावळ्याची किती वाट बघतो.

माझ्या मताला मला मिळणारा सगळ्यात मोठा आधार अल्बमच्या बाहेर आहे. चेल्सीच्या साउंड टेक्निक्स स्टुडिओत, जो बॉइड निर्माता असताना, शरदात रेकॉर्डिंग झालं. नोव्हेंबर संपायच्या आत हचिंग्ज आणि सँडी दोघंही बँड सोडून गेले होते. रेकॉर्ड दुकानात आली ती डिसेंबरात. हचिंग्जला परंपरेत आणखी खोल जायचं होतं, त्याने स्टीलाय स्पॅन हा नवा बँड उभा केला. सँडीला स्वतःची गाणी गायची होती, तिने फॉदरिंगे काढला. क्रांती करणारे लोक विजयाच्या दारात असे पांगत नाहीत. दिवस झाले की लोक पांगतात. जो तो आपल्या वाटेला लागतो. सँडी पुढे १९७८ च्या एप्रिलमध्ये गेली, ३१ व्या वर्षी.

आता हे सगळं मला इतकं का लागतं, तेही सांगतो. आम्ही चौघं पूर्वी पाच होतो. पाचवा दोन वर्षांपूर्वी गेला, अचानक. फेअरपोर्ट मला त्यानेच दिले आणि तो 'लीज अँड लीफ'चा नव्हे, त्याच वर्षी जुलैत आलेल्या 'अनहाफब्रिकिंग'चा भक्त होता. "गाणी म्हणून बघ, भक्तिभाव बाजूला ठेव, तो अल्बम सरस आहे," असं तो दर वेळी म्हणायचा, आणि मी दर वेळी भांडायचो. तो गेल्यावर आम्ही वर्षभर त्याच्या आवडीचं काहीही लावलं नाही. असं ठरवलं कुणीच नव्हतं. आपोआप कधीही न ऐकलेले अल्बम येऊ लागले, अनोळखी भाषांमधले, अनोळखी वाद्यांचे. त्या वर्षी मी खूप नवं संगीत ऐकलं. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, काय यांची जिज्ञासा!

शनिवारी निघताना पुढच्या महिन्याचा विषय निघाला. कुणीच बोलेना. मग ताईच म्हणाल्या, "अनहाफब्रिकिंग लावू."

तो मार्टिन लॅम्बलचा शेवटचा अल्बम. त्यात 'अ सेलर्स लाइफ' नावाचं अकरा मिनिटांचं गाणं आहे, आणि त्याच्या सुरुवातीला मार्टिन ठेका धरतच नाही. झांजांवरून काठ्या नुसत्या फिरवत राहतो, लाट येऊन ओसरावी तशा, आणि सँडी त्या पाण्यावरून गात जाते. कुणाला आमच्याबरोबर ऐकायचं असेल तर आपापल्या घरी लावा. दुसरा शनिवार, रात्री नऊ.