‘माझ्यासमक्ष’ म्हणजे नक्की कुणासमक्ष?

डोकं फिरलंय, पोस्ट लांब होणार. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी पुढे सरका.

शाळेच्या दाखल्यावर आणि आधारवर माझ्या नावाचं स्पेलिंग जुळत नाही, म्हणून आज शपथपत्र करायला गेले होते. रांगेत माझ्यापुढे एक मुलगा. कागद वडिलांचा, सही घरूनच आणलेली. “बाबा अंथरुणावर आहेत, येऊ शकत नाहीत.” नोटरीसाहेबांनी मान वर न करता विचारलं, “आधारची झेरॉक्स आहे ना?” आणि धाडकन शिक्का. शिक्क्यात शब्द काय? ‘माझ्यासमक्ष शपथ घेतली.’

कोण होतं समक्ष? झेरॉक्स?

मग मी. “इथे सही, इथे सही, पुढचे या.” शपथेचा ‘श’ही नाही.

आणि मला आईचं शपथपत्र आठवलं. लग्नात तिचं नाव बदललं, द्वारकाची सुमन झाली. बाबा गेल्यावर पेन्शनसाठी ‘ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं लिहून द्यायचं होतं. कोर्टात शपथ देणारे एक चष्मेवाले अधिकारी होते. कागद इंग्रजीत. खाली ‘मजकूर समजावून सांगितला’ हे वाक्य आधीच टाइप केलेलं. त्यांनी शिक्का बाजूला ठेवला. “मावशी, हे तुम्हाला कुणी वाचून दाखवलंय का?” आई गप्प. मग त्यांनी अख्खा कागद मराठीत सांगितला, ओळीवर बोट ठेवून. मागे रांग चुळबुळत होती. शेवटी विचारलं, “ही द्वारका कोण?”

आई म्हणाली, “मीच होते ती.”

घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही.

हा अधिकार रस्त्यावर वाटलेला नाही हो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३९ प्रमाणे शपथपत्राची शपथ द्यायची ती न्यायालयाने किंवा दंडाधिकाऱ्याने, १९५२च्या कायद्याखाली नेमलेल्या नोटरीने, नाहीतर उच्च न्यायालयाने नेमलेल्या अधिकाऱ्याने. कुणीही उठून नाही. आपल्याला शपथ म्हटलं की सिनेमातली गीता आठवते. १९६९च्या शपथ कायद्यात गीताबिता काही नाही, ईश्वराला स्मरून किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करून सांगायचं, एवढंच. म्हणजे पुस्तक नको, कोर्टाचा थाट नको. समोर माणूस हवा आणि त्याला विचारणारा दुसरा माणूस हवा. तेवढंही जमत नाही?

खोटं लिहिलं तर तुरुंग आपल्याला. न्यायालयीन कामात खोटा पुरावा दिला तर सात वर्षांपर्यंत. आणि न बघितलेल्या माणसाला ‘समक्ष’ म्हणणारा? तो दुपारी डबा खाऊन पुन्हा शिक्के मारायला बसतो.

बरं, मान्य, दिवसाला ढीगभर कागद येतात, प्रत्येकाला वाचून दाखवत बसले तर संध्याकाळ होईल. आणि त्या मुलाने तरी काय करायचं होतं, आजारी बापाला उचलून आणायचं? नाही. पण मग साहेबांनी जावं की घरी! नाहीतर सरळ सांगावं, मी पाहिलं नाही, मी लिहिणार नाही. त्या चष्मेवाल्यांच्या मागेही रांग होतीच.

इथवर लिहिलं, आणि मग स्वतःचा कागद पिशवीतून काढला. सही करताना मीही वाचला नव्हता. वय ४३ च्या जागी ३४ पडलंय. म्हणजे ‘मजकूर वाचून, समजून सही केली’ हे खोटं मीसुद्धा लिहून दिलं, आणि दोन तास शिव्या घालतेय दुसऱ्याला.

उद्या परत जायचंय. आईला फोनवर सांगितलं तर हसली. मग म्हणाली, “ते चष्मेवाले अजून बसतात का गं तिथे?”