व्हॉल्व्ह ट्यूनरवर पैसे का घालायचे? 'जुना श्रोता' यांना उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया लांबलचक आणि चांगलीच खरपूस आहे, म्हणून उत्तरही ऐसपैस देतो. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: साठ वर्षांपूर्वीचा व्हॉल्व्ह ट्यूनर (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांवर चालणारा, नुसतं स्टेशन पकडून आवाज पुढे देणारा रेडिओ) हाय-फायला जोडा असं सांगणं म्हणजे पैसेवाल्यांच्या चोचल्यांना शास्त्राचा मुलामा देणं, असं तुमचं म्हणणं. बीबीसी स्वतःच ट्रान्समीटरपर्यंत आवाज डिजिटल नेते, तेव्हा अ‍ॅनालॉग शुद्धता ही थाप. तेच रेडिओ ३, म्हणजे बीबीसीची अभिजात संगीताची वाहिनी, इंटरनेटवर फुकटात आणि जास्त स्वच्छ ऐकू येतं. तुमच्या घरचा मर्फी या सगळ्यांपेक्षा गोड वाजायचा. आणि डोंबिवलीचा तुमचा पुतण्या माझा लेख वाचून मॅरँट्झ १०बी हा जुना अमेरिकन व्हॉल्व्ह ट्यूनर शोधत बसलाय, त्याचं पाप माझ्या माथी.

डिजिटलचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. १९७२ पासून बीबीसीने स्टुडिओ ते ट्रान्समीटर या वाटेवर १३ बिटांचं पीसीएम (आवाज आकड्यांत बदलून पाठवण्याची पद्धत) वापरायला सुरुवात केली. म्हणजे इथे ब्रिटनमध्ये लोक ज्या एफएमचे गोडवे गातात, त्यातला बहुतेक काळ आवाज आकड्यांतूनच येत होता. पण 'अ‍ॅनालॉग शुद्धता' हा शब्द माझ्या लेखात कुठेच नाही, तो तुमचा. मी ट्यूनरबद्दल लिहिलं होतं, आणि ट्यूनरचं काम ट्रान्समीटरच्या पुढे सुरू होतं.

इंटरनेटचंही मान्य. रेडिओ ३ चं ३२० किलोबिटचं प्रक्षेपण उत्तम आहे. दिवसा एफएमवर आवाजाचे चढउतार दाबलेले असतात, तेव्हा तर स्ट्रीमच सरस ठरतो. निव्वळ आवाजाच्या दर्जासाठी कुणी पैसे मोजणार असेल तर त्याने व्हॉल्व्ह ट्यूनरच्या वाटेला जाऊ नये. (अचूक वेळ सांगणारे ग्रिनिचचे पिप तेवढे स्ट्रीमवर कित्येक सेकंद उशिरा येतात. त्यावर घड्याळ लावायची सवय असलेल्याला याचा फार राग येतो.)

आता मर्फी. इथे मात्र मी तुमच्याशी भांडणार. आपल्याकडच्या घराघरांतले मर्फी, बुश, फिलिप्स हे मिडियम वेव्ह आणि शॉर्ट वेव्हचे सेट. मिडियम वेव्हवर दोन स्टेशनांत नऊ-दहा किलोहर्ट्झचं अंतर, त्यामुळे शेजारचं स्टेशन घुसू नये म्हणून सेट चार-पाच किलोहर्ट्झच्या वरचं बरंचसं कापून टाकायचा. झांजेची किणकिण, तंबोऱ्याची जवार, गायकाचा 'स' हे सगळं पातळ व्हायचं आणि उरलेला आवाज लाकडी खोक्यातून, मोठ्या स्पीकरमधून भरदार यायचा. त्या गोडव्याचं श्रेय आपण व्हॉल्व्हला देत आलो. तोच व्हॉल्व्ह चांगल्या एफएम ट्यूनरमध्ये बसला की १५ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज सरळ पुढे पाठवतो आणि त्यात 'व्हॉल्व्हचा आवाज' म्हणावं असं फार थोडं असतं. असेल तर ट्यूनर बिघडलाय असं समजा.

मग पैसे कशाचे मोजायचे? रेडिओ फ्रिक्वेन्सीच्या बाजूला जी कारागिरी झाली तिचे. एफएममध्ये आवाज लहरीच्या उंचीत नसतो, कंप्रतेच्या हेलकाव्यात असतो, दोन्ही बाजूंना ७५ किलोहर्ट्झपर्यंत. स्टीरिओत डाव्या-उजव्यातला फरक ३८ किलोहर्ट्झच्या उपवाहकावर, म्हणजे त्याच प्रक्षेपणात घातलेल्या दुसऱ्या लहरीवर, स्वार होऊन येतो. ट्यूनर प्रत्येक स्टेशन आधी १०.७ मेगाहर्ट्झ या एकाच मधल्या कंप्रतेवर (आयएफ) आणून गाळतो. त्या गाळणीतून यातला काही भाग लवकर आणि काही उशिरा बाहेर पडला, की आवाज फाटतो आणि दोन्ही बाजू एकमेकींत मिसळतात. गाळणी अरुंद केली तर शेजारचं स्टेशन अडतं पण हा त्रास वाढतो, रुंद केली तर उलट. अमेरिकेत १९६१ साली स्टीरिओ एफएम सुरू झाल्यावर दोन-तीन वर्षांत रिचर्ड सेक्वेरा यांनी मॅरँट्झसाठी जो ट्यूनर केला, तोच हा १०बी, त्यात सगळा जीव या गाळणीत ओतला होता. दर्शनी भागावरचा छोटा ऑसिलोस्कोप (लहरीचं चित्र दाखवणारा पडदा) नुसता दिमाखासाठी नाही. इमारतींवर आपटून उशिरा येणारी लहर त्यावर रेषेच्या थरथरण्यात दिसते. छतावरचा अँटेना हळूहळू फिरवत जायचं आणि रेषा शांत झाली की तिथे आवळायचा. या एका ट्यूनरच्या खर्चाने संस्थापक सॉल मॅरँट्झ यांना कंपनी विकावी लागली असं सांगतात, आणि आत डोकावल्यावर ते पटतं.

आम्ही इथे सामान्य माणसं. आमच्या आवाक्यात लीक या ब्रिटिश कंपनीचा ट्रफलाइन ट्यूनर. त्याच्या मोनो आवृत्त्या मला जास्त आवडतात, आणि ते केवळ किमतीमुळे नाही. सिग्नल कमजोर असेल तर स्टीरिओतला खरखराट मोनोपेक्षा वीस डेसिबलने जास्त असू शकतो. ट्रान्समीटरपासून लांब राहणाऱ्याला रात्रीचं तंतुवाद्यांच्या चौकडीचं वादन मोनोत शांत पार्श्वभूमीवर ऐकणं हे स्टीरिओतल्या फसफशीपेक्षा कितीतरी सुखाचं. ट्रफलाइनच्या स्टीरिओ आवृत्तीतला मूळचा ट्रान्झिस्टर डीकोडर (डावा-उजवा आवाज वेगळा करणारा भाग) मात्र सुमार. जाणकार मोनो ट्यूनर घेऊन त्याला बाहेरून नवा डीकोडर जोडतात.

तुमचा 'चार आण्याची कोंबडी' हा टोला मात्र वर्मी लागला. मसाला खरोखरच बारा आण्यांचा आहे. आतला इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर म्हातारा झालेला असतो आणि सप्लाय असतो दोन-अडीचशे व्होल्टचा, त्यामुळे तपासल्याशिवाय थेट प्लग लावणं हा वेडेपणा. त्यानंतर अलाइनमेंट, म्हणजे सगळ्या कॉइलची नेमकी जुळणी. एका विक्रेत्याने 'पूर्ण सर्व्हिस केलेला' म्हणून मला जो नग दिला, त्यात डायल चकाचक होती, व्हॉल्व्ह नवे होते आणि ट्यूनर बहिरा होता. अँटेनाजवळच्या पहिल्या टप्प्यातला व्हॉल्व्ह बदलला की आतली कपॅसिटन्स थोडी बदलते आणि कॉइलची जुळणी बिघडते, हे त्याच्या गावीही नव्हतं. शिवाय आयएफ कॅनमधल्या (कॉइलच्या धातूच्या डबीतल्या) फेराइटच्या गाभ्यावर कुणीतरी लोखंडी स्क्रूड्रायव्हर चालवला होता. गाभा तडकून कॉइलमध्येच अडकला होता. तो पिचका गाभा सुईने टोकरून काढताना मी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. ते काम प्लास्टिकच्या काडीनेच करायचं आणि समोर स्वीप जनरेटर (कंप्रता वर-खाली फिरवत सिग्नल देणारं यंत्र) हवा. ट्यूनरच्या किमतीइतकाच खर्च या कामाला आणि छतावरच्या अँटेनाला धरून चाला.

नव्या 'व्हॉल्व्ह ट्यूनर'बद्दल विचारलंय त्यांना एकच सांगतो: बऱ्याच महागड्या नगांत, उदाहरणार्थ कॅनडाच्या मॅग्नम डायनालॅबच्या एमडी १०६टीमध्ये, व्हॉल्व्ह शेवटच्या ऑडिओ टप्प्यात असतो. ट्यूनर म्हणून ते उत्तम आहेत, पण ते उत्तमपण व्हॉल्व्हमुळे येत नाही.

राहिला पुतण्या. नॉर्वेने २०१७ मध्ये राष्ट्रीय एफएम बंद केलं, स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक प्रसारकाच्या वाहिन्या २०२४ अखेर एफएमवरून गेल्या. ब्रिटनमध्ये निदान २०३० पर्यंत एफएम राहील असं धोरण आहे, म्हणून माझी हौस चालून जाते. मुंबईच्या परिसरात आजही एफएम भरगच्च आहे, पण खाजगी वाहिन्यांवरची दाबून सपाट केलेली गाणी ऐकायला १०बी आणणं मला पटत नाही. आकाशवाणीसाठी साधा, नीट जुळवलेला ट्रान्झिस्टर ट्यूनर आणि गच्चीवर तीन दांड्यांचा अँटेना पुरे.

तरीही त्याने हट्ट धरलाच तर अमेरिकन नगाचा ट्रान्सफॉर्मर ११७ व्होल्ट, ६० हर्ट्झचा असतो. स्टेप-डाउन लावूनही आपल्या ५० हर्ट्झवर तो जास्त तापतो. तिकडचं डी-एम्फसिस (प्रक्षेपणात मुद्दाम वाढवलेले तीव्र स्वर ट्यूनरमध्ये परत कमी करणं) ७५ मायक्रोसेकंदांचं, आपलं ५० चं. ते बदललं नाही तर १० किलोहर्ट्झला आवाज तीनेक डेसिबल मंद येतो आणि लोक त्यालाच व्हॉल्व्हचा उबदारपणा म्हणतात. तिथला कपॅसिटर मूळच्या दोन तृतीयांश कपॅसिटन्सचा घातला की काम भागतं. आणि जुना ब्रिटिश नग घेणार असेल तर डायलचा फोटो आधी मागवायला सांगा. सुरुवातीच्या बऱ्याच सेटांची डायल १०० मेगाहर्ट्झला संपते, म्हणजे मुंबईतली आकाशवाणीची १००.७ चं एफएम गोल्ड आणि १०७.१ चं रेनबो, दोन्ही बाहेर.