आधी 3 घालू नका रे!

बारावीची परीक्षा जवळ आली की माझ्या फोंड्याच्या शिकवणीत रिलेटेड रेट्सची, म्हणजे एक बदललं की दुसरं किती वेगाने बदलतं या गणितांची, तीच ती शिडी येऊन भिंतीला टेकते. 5 मीटरची शिडी, खालचं टोक सेकंदाला 20 सेंटिमीटरने सरकतंय, ते भिंतीपासून 3 मीटरवर असताना वरचं टोक किती वेगाने खाली येईल? आणि पोरं पहिल्याच ओळीत एक्सच्या, म्हणजे भिंतीपासूनच्या अंतराच्या, जागी 3 घालून मोकळी! घातलात ना? आता डेरिव्हेटिव्ह (बदलाचा दर) कशाचं काढताय, कपाळाचं? स्थिर संख्येचं येतं शून्य. शिडी हलतेय म्हणून तर गणित आहे, आणि तुम्ही तिला आधीच खिळे ठोकले!

पण पोरांवर तरी किती ओरडणार? वह्या बघा त्यांच्या. टाइप 1 शिडी, टाइप 2 शंकू, टाइप 3 सावली, प्रत्येकाखाली चौकटीत सूत्र. अरे, आधी नातं लिहायला शिकवा ना! वाय म्हणजे वरच्या टोकाची उंची; एक्सचा वर्ग अधिक वायचा वर्ग बरोबर 25. मग टीच्या, म्हणजे वेळेच्या, संदर्भात दोन्ही बाजूंचं डेरिव्हेटिव्ह. मग, आणि मगच, 3 आणि 4 घाला. सेकंदाला 15 सेंटिमीटर खाली, संपलं. शंकूच्या टाकीत तर पाण्याची त्रिज्या आर आणि उंची एच दोन्ही बदलतात. समरूप त्रिकोण वापरून एकाला घालवायचं सोडून आर स्थिर धरतात.

बरं, वरचं टोक जमिनीपासून 1 सेंटिमीटरवर आलं की हेच सूत्र वेग देतं ताशी 360 किलोमीटर! खरी शिडी त्याच्या कितीतरी आधी भिंत सोडते. हे एका ओळीत सांगायला शाई महाग पडते का?

आणि शिडीच कशाला? आमचा नारळ पाडणारा पाडेली माडावर चढताना शिडी मागत नाही. सांग्यात साळावलीचं धरण आहे की! पावसात आवक तेवढीच राहिली तरी पातळी चढेल तसं पाणी पसरतं, म्हणून चढण्याचा वेग मंदावतो. आवक भागिले पाण्याच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ, झालं रिलेटेड रेट्स. त्या गोल सांडव्यात पाणी कोसळायला लागलं की हीच पोरं सेल्फी काढायला धावतात.

परवा एकाला धरणावरचंच गणित घातलं. वही उलटीपालटी करून म्हणतो, "टीचर, हो खंयचो टायप?"